रिकामं पाकीट आणि न ऐकू आलेली आतषबाजी

मध्यरात्रीची वेळ. एक बुटकी मुलगी हातात लाकडी तलवार घेऊन वर्गातल्या एका मुलाच्या घरात शिरते. दिवसा शाळेत तिच्या हातून मोठा घोटाळा झालेला असतो. आवडत्या मुलाच्या दप्तरात ठेवायचं प्रेमपत्र तिने भलत्याच्याच दप्तरात ठेवलंय. आता या भलत्याच्या डोक्यातून ती आठवण काढून टाकायची तर त्याच्या डोक्यातच तलवार घालायची, असा तिचा सरळ हिशेब. तो बिचारा घरभर पळतो आणि जीव मुठीत धरून ओरडतो, अगं, पाकीट रिकामं होतं!

तिचा हात थांबतो. पाकिटात पत्र घालायलाच ती विसरली होती. पाठोपाठ तिच्या पोटात कावळे कोकलतात आणि ती जागच्या जागी कोसळते. मग तो मुलगा, ज्याचा जीव आत्ता जाता जाता राहिलाय, मुकाट्याने स्वयंपाकघरात जाऊन तिच्यासाठी फ्राइड राइस परततो.

‘तोराडोरा!’ या ॲनिमेच्या, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिकेच्या, पहिल्या भागातली ही गोष्ट. मालिका 2008 च्या ऑक्टोबरपासून 2009 च्या मार्चपर्यंत जपानी टीव्हीवर चालली, एकूण 25 भाग. मुलीचं नाव ताइगा आइसाका, मुलाचं रियूजी ताकासू. मी हा प्रसंग पहिल्यांदा पाहिला तेव्हा पोट धरून हसलो. दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा लक्षात आलं की सगळी मालिका याच चार-पाच मिनिटांत सांगून झाली आहे. इतकी आरडाओरड करणारी मुलगी आतून एवढी घाबरलेली आहे की मनातलं सांगायची वेळ आली तेव्हा पाकीट रिकामंच गेलं. घरी तिला कुणी जेवायला घालत नाही. आणि ज्याच्या डोळ्यांना शाळा घाबरते, तो मुलगा पाहुण्याला उपाशी पाठवणारा नाही. विनोदाने हसवलं, आणि हसता हसता दोन माणसांची ओळख करून दिली.

रॉमकॉम, म्हणजे प्रेमाच्या विनोदी गोष्टींचे ॲनिमे पाहणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडून एक वाक्य कधी ना कधी निघतंच, “अरे, सांगून टाक ना एकदाचं!” माझी धाकटी बहीण तर उशी फेकून मारते टीव्हीला. दोघांना एकमेकं आवडतात हे आपल्याला पहिल्या भागात कळलेलं असतं, त्यांना मात्र बाराव्या भागापर्यंत कळत नाही. तरी काही मालिका पाहून मन भरून येतं, आणि काही पाहून आपला वेळ कुणीतरी चोरला असं वाटतं. हा फरक कशाने पडतो? अनेक मालिका पाहून मी एक कसोटी ठरवली आहे. ते का बोलत नाहीत, याचं खरं उत्तर मालिकेकडे आहे का?

वाईट मालिकेकडे ते नसतं. तिथे मुलगा तोंड उघडतो आणि नेमकी त्याच वेळी शेजारून आगगाडी धडधडत जाते. किंवा फोन वाजतो. किंवा मित्र दार उघडून आत येतो. किंवा आकाशात आतषबाजीचा बार उडतो आणि मुलगी विचारते, “काय म्हणालास?” मग मुलगा म्हणतो, “काही नाही.” ही युक्ती इतकी घासून गुळगुळीत झालेली आहे की आतषबाजीचा प्रसंग सुरू झाला की आपणच वैतागतो. इथे अडथळा बाहेरून आणून टाकलेला असतो. आगगाडी वेळेवर आली नसती तर गोष्ट संपली असती, म्हणून लेखकाने आगगाडी आणली. त्या दोघांच्या स्वभावाशी तिचा काही संबंध नाही.

चांगल्या मालिकेत अडथळा माणसाच्या आत असतो. तो समजायचा तर जपानी शाळकरी प्रेमाच्या दोन-तीन रीती माहीत असाव्या लागतात. त्या माहीत नसल्या की निम्मी मजा सबटायटलच्या खालून निसटून जाते.

पहिली रीत म्हणजे ‘कोकुहाकु’. शब्दाचा अर्थ कबुली. आपल्याकडे कॉलेजात ‘प्रपोज केलं’ म्हणतात, त्याच्या जवळचं काहीतरी, पण जास्त औपचारिक. एकाने दुसऱ्यासमोर उभं राहून म्हणायचं, “सुकी देसु. त्सुकिआत्ते कुदासाइ.” म्हणजे तू मला आवडतेस, माझ्याशी नातं जोडशील का. समोरच्याने हो म्हटलं की त्या दिवसापासून नातं सुरू. त्याआधी कितीही फिरा, गप्पा मारा, एका छत्रीतून घरी जा, नातं धरलं जात नाही. त्यामुळे कबुली ही उंबरठ्यासारखी असते. अलीकडे मैत्री, पलीकडे प्रेम, आणि तो ओलांडायला सगळी हिंमत एकाच वाक्यात एकवटावी लागते. नकार आला तर परत मैत्रीत जाऊन बसणंही अवघड. म्हणून जपानी रॉमकॉममधल्या त्या एका वाक्याला एवढं वजन आहे. शाळेच्या मागची मोकळी जागा, गच्ची, बुटांच्या कपाटात ठेवलेली चिठ्ठी, हे सगळं त्या वाक्यासाठी मांडलेलं नेपथ्य असतं.

दुसरी रीत हाक मारायची, आणि मराठी माणसाला ती इंग्रजी प्रेक्षकापेक्षा चटकन कळेल. आपल्याकडे ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, ‘अहो’चं ‘अरे’ कधी झालं, हे नात्यात लगेच जाणवतं. चारचौघांत कुणी चुकून ‘अरे’ म्हटलं तर घरातली मंडळी एकमेकांकडे बघतात. जपानीत ते काम नावं करतात. वर्गातल्या ओळखीत आडनाव, मागे ‘सान’ किंवा ‘कुन’. घसट वाढली की मागचं शेपूट गळतं. थेट पहिल्या नावाने, मागे काही न लावता हाक मारणं म्हणजे माणूस फार जवळचं. एखाद्या मालिकेत बाराव्या भागात मुलगी मुलाला पहिल्यांदा नावाने हाक मारते आणि तो दारात धडपडतो. सबटायटलमध्ये बहुतेकदा सुरुवातीपासून पहिलंच नाव लिहिलेलं असतं, त्यामुळे आपल्याला कळतच नाही की याला अचानक झालं काय. कान उघडे ठेवून ऐकलं तर कळतं.

आता परत ‘तोराडोरा!’कडे येऊ. रियूजीला आवडते मिनोरी कुशिएदा, ताइगाची जिवलग मैत्रीण. ताइगाला आवडतो कितामुरा, रियूजीचा मित्र. दोघं करार करतात, तू मला मदत कर, मी तुला करतो. आणि मग दोघांचं एकत्र जेवण, एकत्र शाळेत जाणं, भांडणं, घर झाडणं सुरू होतं. आता हाका ऐका. रियूजी आपल्या आवडत्या मुलीला ‘कुशिएदा’ म्हणतो, आडनावाने. ताइगा आपल्या आवडत्या मुलाला ‘कितामुरा-कुन’ म्हणते, आडनावाने आणि वर मानाचं शेपूट लावून. एकमेकांना मात्र दोघं ‘रियूजी’ आणि ‘ताइगा’. ज्यांच्यावर प्रेम आहे असं ते समजतात त्यांच्याशी शिष्टाचार, आणि ज्याच्याशी फक्त करार आहे त्याच्याशी घरचं बोलणं. जपानी प्रेक्षकाच्या कानाला उत्तर अगदी सुरुवातीलाच ऐकू येतं. त्या दोघांना ते कळायला मात्र बरीचशी मालिका जाते, आणि आपण चिडत नाही, कारण ते का कळत नाही हे आपल्याला कळलेलं असतं. ज्या माणसाबरोबर रोज भात खातो ते माणूस प्रेमाचं असू शकतं, ही कल्पनाच दोघांच्या मनात नाही. प्रेम म्हणजे समोर गेल्यावर जीभ अडखळणं, अशी त्यांची समजूत.

मालिकेच्या नावातही हे आहे. ‘तोरा’ म्हणजे वाघ. ताइगाचं नाव उच्चारलं की इंग्रजी ‘टायगर’सारखं ऐकू येतं. रियूजीतला ‘रियू’ म्हणजे ड्रॅगन, त्याचं ‘डोरा’. वाघाच्या बरोबरीने उभा राहू शकतो तो ड्रॅगनच, असा जुना जपानी संकेत आहे. शीर्षकातच दोघं शेजारी शेजारी उभे केलेत.

अडथळा आत असण्याचं याहून स्पष्ट उदाहरण हवं असेल तर ‘कागुया-सामा: लव्ह इज वॉर’ पाहावं. मूळ मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, अका आकासाका यांची, 2015 ते 2022 चालली. ॲनिमे 2019 पासून, तीन सीझन आणि 2022 च्या डिसेंबरात एक चित्रपट. श्रीमंतांच्या शाळेतलं विद्यार्थी मंडळ. अध्यक्ष मियुकी शिरोगाने, घरची गरिबी, अभ्यासाच्या जोरावर वर आलेला. उपाध्यक्ष कागुया शिनोमिया, देशातल्या सर्वांत बड्या उद्योगघराण्यांपैकी एकाची लेक. दोघांचं एकमेकांवर मन बसलंय. पण जो आधी कबूल करेल तो हरला, असं दोघांनीही मनाशी ठरवलंय. म्हणून समोरच्याच्या तोंडून वदवून घ्यायचे डावपेच. मागे निवेदक युद्धाच्या बातम्या द्याव्यात तशा गंभीर आवाजात सगळं सांगतो, आणि बऱ्याच गोष्टींच्या शेवटी आजचा निकाल जाहीर होतो: कागुया पराभूत.

पहिल्याच भागात एका डब्याची गोष्ट आहे. कागुयाचं जेवण घरचे आचारी बनवतात, पंचपक्वान्नं. शिरोगानेचा डबा त्याने स्वतः केलेला, त्यात सॉसेज कापून केलेले छोटे ऑक्टोपस. कागुयाला तो ऑक्टोपस हवासा होतो. आयुष्यात तिने असलं काही खाल्लेलं नाही. पण मागणार कशी? ती नुसती टक लावून बघते. शिरोगानेला वाटतं, माझ्या गरिबाच्या डब्याची ही कीव करते आहे. तो आणखी खजील. एवढ्यात मंडळाची सचिव फुजिवारा येते, छान दिसतंय म्हणते आणि तिला सहज घास मिळतो. कागुया मनातल्या मनात जळून खाक.

मला हा प्रसंग सगळ्या मालिकेची किल्ली वाटतो. अफाट संपत्तीच्या वारसदार मुलीला एक सॉसेज मागता येत नाही. कारण तिच्या घरात मागणं म्हणजे कमजोरी दाखवणं, हेच तिला शिकवलंय. आणि शिरोगानेला वाटतं की आपण सगळ्या बाबतीत पहिले नसलो तर ही आपल्याकडे ढुंकूनही बघणार नाही. त्यामुळे दोघांचं ‘मी आधी बोलणार नाही’ हे वरवर हट्टाचं दिसतं, खाली ती भीती आहे. प्रत्येक विनोद त्या भीतीवरच उभा आहे. म्हणून विनोद शिळे होत नाहीत, उलट भीतीची ओळख वाढत जाते तसे जास्त लागतात.

या विनोदाची बांधणीही पाहण्यासारखी आहे. जपानी रंगमंचावर ‘मानझाइ’ नावाची दोघांची विनोदी जुगलबंदी असते. एक ‘बोके’, म्हणजे काहीतरी वेडपट बोलणारा. दुसरा ‘त्सुक्कोमी’, म्हणजे लगेच त्याला टोकणारा. ॲनिमेच्या विनोदाचा पाया बहुतेकदा हाच. ‘कागुया-सामा’त गंमत अशी की दोघंही अतिशय गंभीरपणे बोके करतात आणि टोकायचं काम निवेदकावर येतं. शिवाय ॲनिमेला वेळ थांबवता येते. दोन माणसांची नजर एक सेकंद भिडली की ते एक सेकंद ताणून दोघांच्या डोक्यातलं सगळं युद्ध दाखवायचं, आणि मग परत खोलीत यायचं जिथे अजून कुणी काही बोललेलंच नाही. हाडामांसाच्या नटांना हे जड जातं. चित्रात चेहरा क्षणात बटाट्याएवढा होतो, क्षणात पुन्हा सुंदर होतो, आणि आपल्याला ते खटकत नाही. आवाजही तसाच. कागुयाला आओइ कोगा यांनी आवाज दिलाय. थंड, वरच्या पट्टीतली राजकन्या एका श्वासात रडवेलं पोर होते. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे, ही मालिका जपानी आवाजातच ऐका.

आता त्या आतषबाजीच्या प्रसंगाकडे येतो. ज्यांनी पाहिलेली नाही त्यांना आधीच सांगतो, पुढच्या परिच्छेदांत पहिल्या सीझनचा शेवट आहे.

उन्हाळ्याची सुट्टी. कागुया घरात कोंडल्यासारखी. सगळ्या मित्रांबरोबर आतषबाजी पाहायला जायचं एवढंच तिचं स्वप्न आहे, युकाता (उन्हाळ्यातला हलका किमोनो) नेसून तयार आहे, आणि घरून परवानगी नाकारली जाते. तिची सेविका हायासाका तिला गुपचूप बाहेर काढते. कागुया टॅक्सीने निघते, गर्दीत अडकते, उतरून पळत सुटते आणि पोचते तोवर आतषबाजी संपलेली असते. आडोशाला एकटीच रडत बसते. तेवढ्यात घामाघूम शिरोगाने येतो. सगळ्यांबरोबर आतषबाजी पाहायची होती, असं तिने ट्विटरवर लिहिलेलं त्याने वाचलंय, आणि तो तिला शोधत शहरभर फिरलाय. बाकीची मंडळी गाडीत थांबलेली आहेत. टोकियोच्या उपसागराखालून बोगदा जातो, त्यातून पलीकडे चिबाकडे गाडी पळवायची, तिथे अजून एक आतषबाजी सुरू आहे.

गाडी बोगद्यातून बाहेर येते आणि आकाश उजळतं. सगळे वर बघतात. कागुया बघत नाही. तिची नजर शेजारी बसलेल्या शिरोगानेच्या चेहऱ्यावरून हलत नाही, आणि तिच्या छातीत इतकं धडधडतंय की आतषबाजीचा आवाज तिला ऐकूच येत नाही.

हे त्या झिजलेल्या युक्तीचं उत्तर आहे. बाकीच्या मालिकांत आतषबाजीच्या आवाजात मनातलं बोलणं बुडतं. इथे मनाच्या आवाजात आतषबाजी बुडाली. बाहेरचा अडथळा आत वळवला आणि तोच तिच्या प्रेमाचा पुरावा झाला. त्या भागात निवेदकाची बडबड जवळजवळ नाहीच. इतके भाग ज्याच्या आवाजाने आपण हसत होतो, तो गप्प झाल्यावर आपल्यालाही कळतं की आता युद्ध थांबलं.

पण मला या प्रसंगाहूनही त्याच्यानंतरचा भाग महत्त्वाचा वाटतो. सुट्टी संपते, शाळा सुरू होते. त्या रात्री आपण काय काय मोठमोठी वाक्यं टाकली हे आठवून शिरोगाने शरमेने लोळतो. कागुयाला त्याचा चेहरा दिसला तरी कानापर्यंत लाली येते, म्हणून ती त्याला टाळत फिरते. विनोद परत आला. पण जग परत आलं नाही. पूर्वी कागुया जिंकण्यासाठी डाव टाकायची, आता ती स्वतःला सावरण्यासाठी टाकते. नियम तेच, खेळ बदलला.

वाईट मालिका नेमकी इथे चुकते. भावनेच्या भरात दोघं हात धरतात, डोळ्यांत पाणी येतं, संगीत वाजतं, आणि पुढच्या भागात सगळं पहिल्यासारखं. जणू कुणी पाटी पुसली. प्रेक्षकाने जी माया लावली ती वाया गेली. एक पाऊल पुढे टाकलं की ते मागे घ्यायचं नाही, भले पुढचं पाऊल दहा भागांनी पडो. ‘ताकागी-सान’सारख्या अतिशय संथ मालिकेतही, जिथे शेजारच्या बाकावरची मुलगी नुसती चिडवते आणि मुलगा चिडतो, मुलगा हळूहळू मोठा होताना दिसतो. तेवढं पुरतं. संथपणाबद्दल तक्रार नाही, जागच्या जागी फिरण्याबद्दल आहे.

मग इतक्या मालिका जागच्या जागी का फिरतात? कारण बराचसा व्यवहारी आहे. बहुतेक रॉमकॉम ॲनिमे चालू असलेल्या मांगावरून बनतात. मांगा साप्ताहिकात किंवा मासिकात क्रमशः येते आणि लोकप्रिय असेपर्यंत चालते. दोघांचं जुळलं की वाचक जातील अशी भीती. ॲनिमेचा एक सीझन साधारण बारा-तेरा भागांचा, टीव्हीच्या एका तिमाहीएवढा. त्याचं एक कामच मांगाचा खप वाढवणं. त्यामुळे शेवटचा भाग अर्ध्या वाटेत थांबतो आणि पुढे काय झालं ते पुस्तक घेऊन वाचा. ‘किमि नी तोदोके’चा दुसरा सीझन 2011 मध्ये संपला आणि तिसरा आला 2024 मध्ये. मधल्या तेरा वर्षांत पहिल्या प्रेक्षकांपैकी कित्येकांची लग्नं होऊन मुलं शाळेत गेली असतील. याउलट ‘तोराडोरा!’चं नशीब चांगलं. युयुको ताकेमिया यांच्या मूळ कादंबऱ्यांचा दहावा आणि शेवटचा मुख्य भाग 2009 च्या मार्चमध्ये आला, आणि ॲनिमेही त्याच महिन्यात संपला. शेवट माहीत असलेल्या माणसाने गोष्ट सांगितली की सुरुवातीच्या रिकाम्या पाकिटालाही अर्थ येतो.

कबुलीच्या पुढे जायची हिंमत दाखवणाऱ्या मालिका मला म्हणूनच जास्त जवळच्या वाटतात. ‘होरीमिया’ (2021) मध्ये शाळेत टापटीप, घरी केस बांधून धाकट्या भावाला सांभाळणारी होरी आणि शाळेत मुखदुर्बळ, पण अंगावर टॅटू नि कानात डूल लपवणारा मियामुरा. होरी तापाने पडलेली असताना तिला झोप लागलीय असं समजून तो मनातलं बोलून जातो. ती जागी असते. इथे दहा भाग गैरसमज चालवता आले असते. मालिका तसं करत नाही. लवकरच दोघं एकत्र येतात आणि मग खरी मजा सुरू होते, कारण एकत्र आल्यावरही माणसं विचित्रच असतात. मत्सर, हट्ट, बापाशी गप्पा, परीक्षा. शेवटचे काही भाग घाईत गेले ही माझी तक्रार आहे, मूळ मांगाला 13 भाग कमीच पडले.

आणि ज्यांना वाटतं की हे सगळं शाळकरी पोरांचं खूळ आहे, त्यांच्यासाठी ‘मेझाँ इक्कोकु’. रुमिको ताकाहाशी यांची मांगा 1980 ते 1987, ॲनिमे 1986 ते 1988, तब्बल 96 भाग. जुन्या लाकडी भाड्याच्या घरात राहणारा, कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेत नापास झालेला गोदाइ, आणि तिथे व्यवस्थापक म्हणून आलेली तरुण विधवा क्योको. तिच्या कुत्र्याचं नाव सोइचिरो. ते तिच्या वारलेल्या नवऱ्याचं नाव. हा विनोदही आहे आणि सगळ्या गोष्टीचं दुखणंही. गोदाइच्या वाटेत दुसरा दणकट प्रतिस्पर्धी आहे, श्रीमंत, देखणा, फक्त कुत्र्यांना घाबरणारा. पण खरा अडथळा तो नाही. जो माणूस जिवंत नाही त्याच्याशी कुणी कसा झगडणार? शेवटाकडे गोदाइ सोइचिरोच्या थडग्यासमोर बसून त्याच्याशीच बोलतो, की तुम्ही तिच्या मनात कायम आहात, तर तुमच्यासकट मी तिला आपलं म्हणेन. क्योको मागे उभी राहून ऐकते. मला आठवतं, मी ते पाहून बराच वेळ काही बोललो नव्हतो. इतक्या भागांची थट्टामस्करी, दारू पिऊन गोंधळ घालणारे शेजारी, हरवलेली पत्रं, सगळं त्या एका बोलण्यासाठी साठवत आणलेलं होतं.

शेवटी एक छोटी मालिका, जिच्यात विनोद मंद आहे पण गोडवा अस्सल. ‘त्सुकी गा किरेइ’, 2017, फक्त 12 भाग, कुठल्याही मांगावरून न घेतलेली. सायतामा प्रांतातलं कावागोए गाव, तिथली माध्यमिक शाळेच्या शेवटच्या वर्गातली मुलं. कोतारो लेखक व्हायची स्वप्नं बघतो, आकाने धावपटू. नावाचा शब्दशः अर्थ ‘चंद्र सुंदर आहे’. ‘आय लव्ह यू’चं जपानी भाषांतर असं करावं, असं कादंबरीकार नात्सुमे सोसेकी म्हणाले होते, अशी एक आख्यायिका जपानात सांगतात. ते खरंच असं म्हणाले याला आधार नाही, पण भाषेला मनापासून पटलेली आख्यायिका आहे.

पहिल्या भागात दोन्ही कुटुंबं योगायोगाने एकाच हॉटेलात जेवायला येतात. आईबापांची एकमेकांशी ओळख होते आणि दोघं पोरं शरमेने खालमान. या वयात आईने शाळेतल्या मुलीसमोर मोठ्याने बोलणं म्हणजे केवढं संकट, ते आठवणारा प्रत्येक माणूस त्या टेबलावर बसतो. आकाने घाबरली की रताळ्याच्या आकाराची एक छोटी बाहुली मुठीत दाबते. कावागोए रताळ्यांसाठी प्रसिद्ध. कोतारोला आनंद झाला की तो खोलीतल्या दिव्याच्या लोंबत्या दोरीला ठोसे मारतो. तो कबुली देतो तेव्हा मोठी भाषणं नाहीत, आगगाडी नाही, चंद्र आहे आणि एक तुटक वाक्य. आणि त्यानंतर दोघांना कळत नाही की आता काय करायचं असतं. शाळेत एकमेकांकडे बघताही येत नाही. रात्री ‘लाइन’ ॲपवर मेसेज लिहायचा, खोडायचा, परत लिहायचा.

शेवटच्या भागात आकानेच्या घरचे दुसऱ्या प्रांतात निघालेत. कोतारोने दोघांची गोष्ट लिहून इंटरनेटवर टाकलीय, आकाने ती आगगाडीत बसून वाचते आणि रडते, आणि तो जाणाऱ्या गाडीला बघून ओरडून सांगतो. इतके भाग कुजबुजत बोलणारा मुलगा. मग श्रेयनामावली सुरू होते आणि तिच्याबरोबर पडद्यावर दोघांचे मेसेज. पोचलीस का. परीक्षा कशी झाली. या रविवारी येतोय. नोकरी. रुसवा. घर बघायला कधी जायचं. वर्षं सरकत जातात, लग्न होतं, शेवटी एक बाळही दिसतं. कुणी एक शब्द बोलत नाही, नुसते मेसेज खालून वर जात राहतात. ती श्रेयनामावली मी आतापर्यंत चार-पाच वेळा पाहिली असेल, आणि शेजारून सरकणाऱ्या चित्रकारांच्या नावांपैकी एकही मला अजून वाचता आलेलं नाही.